ड्रॅकनक्युलसला दोन वर्षं फूल नाही. कंद फ्रीजमध्ये ठेवू का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: लंडनजवळ राहता, बाल्कनीतल्या कुंडीत ड्रॅकनक्युलस व्हल्गॅरिसचे (सुरणाच्या कुळातलं, कंदापासून येणारं फुलझाड) तीन कंद आहेत, थंडीत कुंडी घरात हीटरच्या खोलीत येते, पानं येतात पण फूल नाही. यंदा ट्युलिपसारखे कंद फ्रीजमध्ये ठेवावेत का, आणि एखादा पुण्याला नेला तर जगेल का?

फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका. ट्युलिपला 12 ते 16 आठवडे गारवा लागतो, पण त्या काळात त्याला वर पान नसतं. ड्रॅकनक्युलसचं गणित वेगळं आहे. तो ग्रीस, क्रीट आणि एजियन किनाऱ्याचा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत. क्रीटमधल्या हेराक्लिऑनला जानेवारीत दिवसा साधारण 15 अंश, रात्री 9 च्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतोच. शरदातल्या पहिल्या पावसावर कंदाला मुळं फुटतात, हिवाळाभर झाड वाढतं, वसंतात फुलतं आणि उन्हाळ्यात जमिनीखाली झोपतं. म्हणजे त्याला हवी असलेली ‘थंडी’ ही 5 ते 15 अंशांची, ओल्या मातीतली, उजेडातली. फ्रीजमध्ये अंधार, कोरडेपणा आणि 4 अंश, तेही ऐन मुळं धरायच्या दिवसांत. कंद मरेलच असं नाही, पण अख्खा हंगाम वाया जाईल.

तुमचं घोडं अडलंय ते हीटरच्या खोलीत. 20-22 अंश आणि डिसेंबरचा मिणमिणता उजेड मिळाला की देठ लांब, लुळे होतात आणि पानं लवकर पिवळी पडतात. पानं जितके दिवस हिरवी, तितका कंद भरतो. हंगाम आखडला तर लावला त्यापेक्षा लहान कंद हाती येतो, आणि लहान कंद फुलत नाही. लिंबाएवढा असेल तर पानांवरच समाधान माना. मोठ्या संत्र्याएवढा झाला की फुलाची आशा धरावी.

मी असं करीन. ऑगस्टअखेर कंद काढून चाचपायचे. घट्ट असतील ते ठेवायचे, बोट रुततं तिथे कुजका भाग कापून जखम दोन-तीन दिवस सुकू द्यायची. कुंडी किमान 30 सेंटिमीटर खोल, एका मोठ्या कंदाला एक. दोन भाग मातीचं मिश्रण, एक भाग जाडी वाळू, एक भाग बारीक खडी. कंदावर 12 ते 15 सेंटिमीटर माती आली पाहिजे. वरवर लावला तर नुसती पिल्लं सुटत राहतात. सप्टेंबरच्या मध्यावर एकदा भरपूर पाणी द्यायचं, मग माती नुसती दमट ठेवायची. कुंडी बाहेरच, दक्षिणेच्या भिंतीला टेकून. तुमच्याकडे कोंब बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये दिसेल: टोकदार सुळका, त्यावर सापाच्या कातडीसारखे जांभळट ठिपके. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी टोमॅटोचं पोटॅशवालं खत अर्ध्या मात्रेत. फूल मे-जूनमध्ये. पानं पिवळी पडू लागली की पाणी बंद, आणि सप्टेंबरपर्यंत कुंडी छपराखाली कोरडी. उन्हाळ्यातली ही ऊब आणि कोरडेपणा अनेकजण विसरतात; तिलाही थंडीइतकंच महत्त्व आहे.

बर्फाळ रात्रींची धास्ती नको, पण कुंडी आणि जमीन यांत फरक करा. जमिनीत खोल बसलेला कंद उणे 10 अंशही सोसतो, कारण खालची माती गोठत नाही. कुंडी मात्र चहूबाजूंनी गोठते, आणि चिंब माती गोठली की कंद काळा पडून मऊ होतो. उणे 4-5 च्या खाली जाणार असेल तेवढ्या रात्री कुंडीला गोणपाट गुंडाळा किंवा बिनहीटरच्या गॅरेजमध्ये न्या. पहाटे पानं मऊ पडून जमिनीवर लोळताना दिसली तर हात लावू नका, कापू नका. बर्फ वितळून पाणी पेशींत परत शिरलं की दुपारपर्यंत ती उभी राहतात. याच कुळातल्या आरम इटॅलिकमचं तर हे रोजचंच नाटक आहे.

कळी पोटातच सुकणं हा वेगळा दोष. एप्रिल-मेमध्ये एकदम 25 च्या वर ऊन आणि त्याच आठवड्यात पाणी चुकलं की असं होतं. आणि फूल उमललंच तर पहिला दिवस माश्यांना बोलावण्यासाठी सडक्या मांसाचा वास असतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

याच कुळातले बाकीचे भूमध्य भाऊबंद सगळे सारखे वागत नाहीत. आरम इटॅलिकम सर्वांत काटक आणि उन्हाळ्यात अगदी कोरडं ठेवलं तर सुरकुततं. आरम पॅलेस्टिनम कडक दहिवराला नाजूक, त्याला बिनहीटरचं काचघर बरं. आरम पिक्टम आणि बऱ्याच बायरम जाती शरदातच, पानांआधी किंवा पानांसोबत फुलतात, तेव्हा त्यांचं पहिलं पाणी उशिरा देऊ नका. कॅनरी बेटांचा ड्रॅकनक्युलस कॅनॅरिएन्सिस गोठण्याच्या वरच ठेवा.

आता पुणे. तिथे जानेवारीच्या 10-12 अंशांच्या रात्री चालतील. खरा मारेकरी जून ते सप्टेंबरचा पाऊस, कारण कंदाची कोरडी झोप नेमकी तेव्हा असते. याच कुळातले आपला शेवळा आणि सह्याद्रीतला सापकांदा पहिल्या पावसावर डोकं वर काढतात आणि हिवाळ्यात झोपतात. हा बरोबर उलटा. मेअखेर कंद काढून कोरड्या वाळूत, हवेशीर खोक्यात ठेवायचा, दिवाळीनंतर रात्री गार झाल्या की लावायचा, फक्त सकाळचं ऊन द्यायचं. मार्चचा उकाडा हंगाम संपवतो, त्यामुळे पानं मिळतील, फुलाचा भरवसा मी देणार नाही. शिवाय बॅगेत कंद टाकून नेता येत नाही: आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही लागतात. कंद हाताळताना हातमोजे घाला. खाजऱ्या सुरणाला खाजवणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे तेच सुईसारखे स्फटिक यातही आहेत.