इंजिन सुरू झालं की तंबोऱ्यात शिट्टी

प्रश्न : गाडीत सीटखाली नवा ॲम्प्लिफायर बसवल्यापासून इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक ‘कुईंऽऽ’ येते. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, इंजिन बंद केलं की गायब. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल लावला तर तंबोऱ्यापेक्षा तीच जास्त ऐकू येते. दुकानदार फिल्टर लावा म्हणतो. लावू का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : इतक्यात नको. फिल्टरने शिट्टी दबेल, पण तिचं कारण तसंच राहील.

इंजिनाबरोबर चढणारा सूर अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा. त्यातून निघणारा एसी प्रवाह डायोड डीसी करतात, तरी थोडी लहर उरतेच. डेक (गाडीतला म्युझिक प्लेयर) आणि ॲम्प्लिफायरचं अर्थिंग बॉडीवर दोन वेगळ्या जागी असेल आणि त्या जागांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक पडला, तर ती लहर गाण्याच्या तारेत शिरते. धडाक्याच्या गाण्यात ती झाकली जाते. खाँसाहेबांच्या अतिविलंबित झूमरा तालात मात्र दोन मात्रांमधली शांतता हेच गाणं असतं. तिथे एवढीशी कुरकुरही खपवून घेऊ नका. तुम्ही विचारलंत ते योग्यच केलंत.

आधी सोपं पाहा. मोबाइल ऑक्सच्या तारेने जोडलेला असेल आणि तोच गाडीत चार्जिंगलाही असेल, तर चार्जर काढा. शिट्टी थांबली तर दोष तिथेच. ब्लूटूथवर ऐका, प्रश्न मिटला.

थांबली नाही, तर इंजिन चालू ठेवून डेकचा आवाज पूर्ण कमी करा. शिट्टी तेवढीच राहिली, तर ती डेकच्या पुढे कुठेतरी शिरते आहे. आता सिस्टिम बंद करून ॲम्प्लिफायरमधून आरसीए केबल (डेककडून गाणं आणणारी तार) काढा आणि पुन्हा सुरू करा. शांत झालं तर ॲम्प्लिफायर चांगला आहे. मग ती केबल कुठून नेली आहे ते बघा. बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेला चिकटून असेल, तर एक डावीकडून, दुसरी उजवीकडून अशी नव्याने टाकून घ्या.

माझा पहिला संशय मात्र अर्थिंगवर आहे. घाईत बसवताना ते सीटच्या रंगवलेल्या बोल्टखाली दाबून टाकतात, आणि रंगातून वीज नीट जात नाही. सीटखालीच बॉडीवरचा रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, तार शक्य तितकी आखूड ठेवून रिंग टर्मिनलने घट्ट कसा आणि वरून ग्रीस लावा, नाहीतर पावसाळ्यात गंज धरेल. खरवडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. पत्र्याला भोक पाडायची वेळ आलीच, तर खालून पेट्रोलची नळी जात नाही ना, हे आधी वाकून बघा.

आणि ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे डेककडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण. दुकानात तो पूर्ण फिरवून देतात, कारण पहिल्यांदा ऐकताना गाडी दणाणली की गिऱ्हाईक खूश होतं. पण गेन वाढवला की कुरकुरही तेवढीच वाढते. डेकचा आवाज पाऊणपर्यंत नेऊन गेन शून्यापासून हळूहळू वाढवा आणि आवाज फाटायच्या जरा आधी थांबा.