पहिली क्रॉस-कंट्री शर्यत : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

हौशी धावपटूंसाठी भरणाऱ्या स्थानिक क्रॉस-कंट्री शर्यतींविषयी, म्हणजे गवत, माती आणि चढ-उतारांच्या मोकळ्या रानातून धावण्याच्या शर्यतींविषयी, अलीकडे बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रे पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांची आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी काही वर्षे रस्त्यावर नियमित धावतो. १० किलोमीटरला मला साधारण ५५ मिनिटे लागतात. आता ८ किलोमीटरच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत नाव दिले आहे. माझ्या हिशेबाने ती ४४ मिनिटांत पूर्ण व्हायला हवी. हे उद्दिष्ट ठेवावे का?

उत्तर : आपला गुणाकार बिनचूक आहे, पण तो या शर्यतीला लागू पडत नाही. डांबरी रस्ता पावलाचा जोर जवळजवळ पूर्ण परत देतो; गवत, भुसभुशीत माती आणि चिखल मात्र त्यातला बराचसा गिळून टाकतात. शिवाय चढ-उतार, वळणे, कधी एखादा ओहळ किंवा आडवा ओंडका यांमुळे लय पुन्हा पुन्हा मोडते आणि ती नव्याने पकडण्यात शक्ती खर्च होते. एकाच मार्गावर कोरड्या दिवशी आणि पावसानंतर लागणाऱ्या वेळांत काही मिनिटांचा फरक पडू शकतो. म्हणूनच रस्त्यावरील शर्यतींचे जागतिक विक्रम नोंदले जातात, क्रॉस-कंट्रीचे नोंदले जात नाहीत. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील आर्हूस येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत धावपटूंना एका संग्रहालयाच्या गवताने आच्छादलेल्या उतरत्या छपरावरून फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. त्या मार्गावरील वेळेची तुलना सपाट हिरवळीवरच्या वेळेशी कशी करणार?

तेव्हा ४४ मिनिटांचा आकडा डोक्यातून काढून टाकावा. घड्याळ घालायचेच असेल तर दर किलोमीटरचा वेग दाखवणारा पडदा बंद ठेवावा, कारण चढावर तो आकडा उगाच निराश करतो आणि उतारावर उगाच फुशारकी देतो. आपल्याला मोजायचा आहे तो श्रम. त्याची खूण श्वासात सापडते. पहिल्या तृतीयांश अंतरात दोन-चार शब्दांचे वाक्य तुटक का होईना बोलता यायला हवे. मधल्या भागात एखाद-दुसरा शब्दच निघेल. शेवटी बोलणे सुचणारही नाही. रस्त्यावर आपण ज्या दमाने १० किलोमीटर धावता, तोच दम येथे ठेवावा आणि वेग जमिनीला ठरवू द्यावा.

यात सर्वांत मोठा धोका सुरुवातीचा आहे. आरंभरेषा बहुधा रुंद मैदानात असते आणि काही अंतरावर मार्ग एकदम अरुंद होतो. त्या चिंचोळ्या जागेपूर्वी पुढे जाण्यासाठी सारा घोळका सुसाट सुटतो. अनुभवी धावपटू हे हिशेबाने करतात, नवखा मात्र घोळक्याबरोबर नुसता ओढला जातो आणि पहिल्याच चढावर त्याला धाप लागते. आपण मधल्या किंवा त्याहून मागच्या रांगेत उभे राहावे. अरुंद जागी थोडे थांबावे लागले तरी चालेल; तेथे गेलेले अर्धे मिनिट नंतर भरून निघते, पण आरंभी खर्चलेला दम परत मिळत नाही.

चढावर पावले आखूड करावीत, हात थोडे जोरात चालवावेत आणि नजर तीन-चार मीटर पुढे जमिनीवर ठेवावी. कंबरेत वाकू नये, त्याने छाती आवळली जाते. चढ फार खडा असेल तर झपझप चालणे हेही धावण्याइतकेच जलद ठरते आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. एक गोष्ट मात्र मुद्दाम लक्षात ठेवावी. माथा आला की जवळपास प्रत्येक जण सुटल्यासारखा ढिला पडतो. माथ्यापलीकडची वीस-तीस पावले तोच जोर टिकवला, तर विशेष वेगवान नसलेला धावपटूही तेथे दोघा-तिघांना मागे टाकतो.

प्रश्न : या शर्यतीसाठी स्पाइक्सचे (तळाला खिळ्या असलेले) बूट घेणे आवश्यक आहे का?

उत्तर : पहिल्या शर्यतीसाठी नाही. मार्ग कोरडा आणि टणक असेल तर रोजचे बूट पुरतात. गवत ओले असेल किंवा वाटेत चिखल असेल तर तळाला खोल खाचा असलेले ट्रेल-रनिंगचे बूट बरे. स्पाइक्सचा खरा उपयोग मऊ गवतावर आणि चिखलात होतो. तेथे साधारण ९ ते १५ मिलिमीटरच्या खिळ्या वापरल्या जातात आणि चिखल जितका खोल तितकी खिळी लांब घेतात. पण मार्गात खडी किंवा डांबरी तुकडा असला तर हेच बूट पायाला त्रास देतात. त्यांची टाच सखल आणि तळ पातळ असल्यामुळे सवय नसलेल्याच्या पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दुखावते. म्हणून शर्यतीच्या दिवशी ते प्रथमच घालणे सर्वथा टाळावे. स्पाइक्सना परवानगी आहे की नाही हे नियमपत्रिकेत पाहावे.

बुटाच्या जातीपेक्षा नाडीकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. घोट्यापर्यंतच्या चिखलात पाय रुतला की चिखल बूट धरून ठेवतो आणि पाय तेवढा बाहेर येतो. मग एका पायावर उभे राहून, मागून येणाऱ्यांना चुकवत, हाताने बूट उपसून काढावा लागतो. हे टाळण्यासाठी वरच्या शेवटच्या छिद्रापर्यंत नाडी ओवावी, दुहेरी गाठ मारावी आणि मोकळी टोके नाडीच्याच आडव्या पट्ट्यांखाली खोचावीत. मोजे पातळ असावेत. जाड सुती मोजा पाणी धरून जड होतो आणि बुटात सरकतो.

प्रश्न : शर्यतीला आठ आठवडे आहेत. मी फक्त रस्त्यावर धावत आलो आहे. सरावात काय बदल करावा? उतारावर माझा घोटा मुरगळेल अशी भीती वाटते.

उत्तर : आठ आठवडे पुरेसे आहेत. एकूण अंतर वाढवू नये, त्याची जागा बदलावी. आठवड्यातील दोन धावा गवतावर किंवा मातीच्या वाटेवर घ्याव्यात. त्यांतील एक सावकाश असावी आणि दुसऱ्या धावेत चढाचा सराव करावा. सुमारे एक मिनिट लागेल असा चढ निवडून तो पाच-सहा वेळा जोराने चढावा आणि प्रत्येक वेळी चालत किंवा हलके धावत उतरावे. शर्यतीच्या आधीचे आठ-दहा दिवस मात्र श्रम कमी करावेत.

उताराविषयीची आपली भीती समजण्यासारखी आहे, पण धोका बहुधा भलतीकडेच असतो. बिचकणारा माणूस मागे रेलतो, टाच लांब पुढे टाकतो आणि प्रत्येक पावलाला स्वतःला अडवतो. त्यामुळे पाय घसरतो तो घसरतोच, वर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर अतोनात ताण येतो. उतारावर हे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात. या प्रकारच्या कामाने त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे जड जाते. सुदैवाने असा ताण एकदा बेताने दिला, की पुढचे काही आठवडे स्नायू त्याला बऱ्यापैकी सरावलेले राहतात. म्हणून शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उतारावर जाणीवपूर्वक सराव करावा. शरीर किंचित पुढे, हात बाजूला मोकळे, पावले आखूड आणि भरभर, अशी ठेवण असावी.

घोट्यासाठी रोज दात घासताना एका पायावर उभे राहावे, हा उपाय साधा असला तरी खरोखर उपयोगी आहे. ते सहज जमू लागले की डोळे मिटून करावे. पूर्वी घोटा मुरगळला असेल आणि अजूनही तो अधूनमधून दगा देत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

प्रश्न : आमच्या मंडळाचा सहा जणांचा संघ आहे, पण निकालात चौघांचेच क्रमांक धरले जातात. मी संघात पाचव्या किंवा सहाव्या स्थानावर असेन. मग माझ्या धावण्याचा संघाला काय उपयोग?

उत्तर : फार मोठा उपयोग आहे. क्रॉस-कंट्रीत संघाचा निकाल क्रमांकांच्या बेरजेवर लागतो आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. काही ठिकाणी चार जण मोजतात, तर अमेरिकेतील महाविद्यालयीन शर्यतींत सात जण धावतात आणि पाच मोजले जातात. न मोजलेले धावपटूही आपापली जागा अडवतात, आणि त्यातच आपले काम आहे.

समजा, आपल्या संघातील पहिले चौघे १, ४, ९ आणि १२ या क्रमांकांवर आले. बेरीज २६. प्रतिस्पर्धी संघाचे चौघे २, ३, ७ आणि १३ या क्रमांकांवर, म्हणजे बेरीज २५. आपण १४ वे आलात आणि संघ एका गुणाने हरला. आता शेवटच्या वळणावर आपण त्या १३ व्या धावपटूला ओलांडले असे धरा. तो १४ वा होतो, त्याच्या संघाची बेरीज २६ होते आणि बरोबरी होते. बरोबरीत ज्या संघाचा शेवटचा मोजला जाणारा धावपटू पुढे, तो संघ विजयी, हा नियम जागतिक स्पर्धांत आहे. त्यानुसार आपला चौथा धावपटू १२ वा आणि त्यांचा १४ वा, म्हणून विजय आपल्या संघाचा. आपला क्रमांक बेरजेत कोठेही नाही, तरी शर्यत आपण फिरवलेली असते. स्थानिक शर्यतींत नियम थोडेफार वेगळे असू शकतात, त्यामुळे नियमपत्रिका एकदा वाचून घ्यावी.

जाता जाता सांगावेसे वाटते, की केनियाच्या पुरुषांनी १९८६ ते २००३ अशी सलग १८ वर्षे जागतिक क्रॉस-कंट्रीचे सांघिक विजेतेपद राखले. एखादा असामान्य धावपटू वैयक्तिक शर्यत जिंकून देतो, पण इतकी वर्षे बेरीज कमी ठेवण्यासाठी पहिल्या क्रमांकामागे धावणारेही तितकेच तयारीचे लागतात.

प्रश्न : माझे वय ४८ आहे. मी सलग ५ किलोमीटर धावू शकते, पण माझा वेग अगदीच कमी आहे. मी सर्वांत शेवटी आले तर? आणि या वयात आधी काही तपासण्या कराव्यात का?

उत्तर : कोणीतरी शेवटी येणारच, आणि हौशी शर्यतीत त्याबद्दल कोणी नावे ठेवत नाही. मार्ग फेऱ्यांचा असेल तर पुढचे धावपटू आपल्याला एक फेरीने गाठतील. त्या वेळी गोंधळून थांबू नये, आपली रेघ न सोडता धावत राहावे. नाव देण्यापूर्वी आयोजकांना वेळेची मर्यादा आहे का आणि वयोगटांचे निकाल वेगळे लागतात का, एवढे विचारावे. वयोगट असतील तर आपण ज्यांच्या मागे पडू असे समजता, त्यांतील अनेक जणी आपल्या स्पर्धेतच नसतात.

तपासणीबाबत मात्र मोघम उत्तर देणार नाही. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात तरुण वयात हृदयविकाराने मृत्यू झालेला असेल, किंवा धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे, श्रमाच्या मानाने फारच धाप लागणे असे काही जाणवले असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय शर्यतीत उतरू नये. यांतले काहीही शर्यतीत जाणवले तर त्याच जागी थांबावे. चिखलात पडून खरचटण्याची शक्यता असते, त्यामुळे धनुर्वाताच्या लशीची मुदत उलटून गेलेली नाही ना, तेही पाहून ठेवावे.

प्रश्न : शर्यतीपूर्वी काय खावे आणि वाटेत पाणी, ऊर्जा देणारे जेल वगैरे बरोबर घ्यावे का?

उत्तर : सवयीचे, पचायला हलके खाणे दोन-तीन तास आधी घ्यावे; त्या दिवशी नवे काही खाऊन पाहू नये. तासाभराच्या आत संपणाऱ्या शर्यतीला स्नायूंतील ऊर्जेचा साठा पुरतो, जेलची गरज नसते. थंड हवेत वाटेत पाणीही लागत नाही, आरंभापूर्वी तहानेपुरते प्यायले की झाले. उष्णता असेल तर प्रश्न वेगळा. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १२ जुलै १९२४ रोजी भर उन्हात क्रॉस-कंट्री शर्यत झाली. निघालेल्या ३८ धावपटूंपैकी अवघे १५ शेवटपर्यंत पोहोचले, अनेक जण वाटेत कोसळले आणि त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळला गेला. त्या शर्यतीचा विजेता, फिनलंडचा पावो नुर्मी, दुसऱ्या दिवशी पुन्हा धावला, ही गोष्ट वाचायला छान आहे, अनुकरणाला नाही. ऊन कडक असेल तर वेग आरंभापासूनच कमी ठेवावा.

प्रश्न : अरुंद वाटेवर पुढे जायचे असेल तर काय करावे? वाटेत कोणी पडले, किंवा शर्यत अर्धवट सोडावी लागली तर?

उत्तर : मागून ‘उजवीकडून येतोय’ असे मोठ्याने सांगावे आणि वाट जेथे किंचित रुंद होते तेथेच पुढे व्हावे. कोपर मारून जागा करणे नियमातही बसत नाही. वळणावर आतली बाजू गाठण्यासाठी खुणेचा खांब किंवा फीत चुकीच्या बाजूने ओलांडली तर बाद ठरवले जाऊ शकते, मग ते अंतर दोन पावलांचे का असेना. कोणी पडले आणि लगेच उठले नाही तर थांबून विचारावे, आणि पुढे भेटणाऱ्या पहिल्या मार्शलला (मार्गावर उभ्या असलेल्या आयोजकांच्या माणसाला) त्याचा बिब नंबर (छातीवरच्या पट्टीवरील क्रमांक) व जागा सांगावी.

अंतिम रेषेनंतर दोरीने आखलेली चिंचोळी वाट असते. तेथे कितीही दमलात तरी कोणाला ओलांडू नये आणि मध्येच बसू नये. हाताने नोंद होत असेल तर क्रमांक त्या रांगेवरूनच लिहिले जातात. बिब छातीवर चारही कोपऱ्यांना पिन लावून, दिसेल असा असावा. शर्यत सोडावी लागली तर परस्पर घरी जाऊ नये. जवळच्या मार्शलला किंवा नोंदणीच्या टेबलावर तसे सांगावे, नाहीतर सर्व जण परतल्यावर आयोजक आपल्याला त्या माळरानावर शोधत फिरतात.