नव्या कार्पेटचा वास: आधी खिडक्या उघडा
नवं कार्पेट घातल्यापासून त्याच्या वासानं डोकं धरत असेल, तर त्या खोलीत झोपणं आधी बंद करा. हा उग्र वास बहुतेकदा कार्पेटच्या पाठीवरच्या लॅटेक्समधून (रबरासारख्या थरातून) सुटणाऱ्या ४-फिनिलसायक्लोहेक्झीन या रसायनाचा असतो. हवेत अगदी कणभर असला तरी नाकाला जाणवतो. खालचा फोम आणि चिकटवायचा गोंद त्यात भर घालतात.

पहिले दोन-तीन दिवस समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, एकीत पंखा बाहेर तोंड करून लावा. स्प्लिट एसीवर विसंबू नका, तो आतलीच हवा फिरवतो. अगरबत्ती, कापूर, रूम फ्रेशनर तर मुळीच नको! वास नुसता झाकला जातो, हवा आणखी बिघडते. आमच्याकडे कार्पेट घातलं तेव्हा घरात तान्हं बाळ होतं. तिला आठवडाभर त्या खोलीत नेलंच नाही. हवेचा प्युरिफायर घ्यायचा तर वायू शोषणारा सक्रिय कोळसा भरपूर असलेल्या फिल्टरचा घ्या. हेपा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही.

दुसऱ्या खोलीचं काम बाकी असेल तर गुंडाळी आधी एक-दोन दिवस हवेशीर जागी उलगडून ठेवायला सांगा. गोंदाऐवजी कडेच्या खिळेपट्टीवर ताणून बसवता आलं तर उत्तमच.

आणि दम लागला, छातीत घरघर झाली, तर वास जायची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.