जर्मन फौज मॉस्कोजवळ आलेली असताना स्टालिनने लष्करी संचलन का भरवलं?

लोकांचा सुटलेला धीर परत आणायला. १६ ऑक्टोबर १९४१ ला मॉस्कोत पळापळ माजली होती. सरकारी खाती दूर पूर्वेला, व्होल्गाकाठच्या कुइबिशेव्ह शहरात (आजचं समारा) हलत होती. स्टालिनही गेला, अशी कुजबुज होती. ७ नोव्हेंबरला, १९१७ च्या बोल्शेविक क्रांतीच्या वर्धापनदिनी, तो लाल चौकात लेनिनच्या समाधीवर सगळ्यांसमोर उभा राहिला. (लेनिनचा देह जुलैतच सायबेरियातल्या त्यूमेनला हलवलेला होता!) बॉम्बहल्ल्याची धास्ती होतीच, पण त्या सकाळी बर्फ पडत होता आणि तेच पथ्यावर पडलं. मार्शल बुद्योन्नीने घोड्यावरून पाहणी केली. मला सर्वांत भिडतं ते हे, की संचलनातल्या कित्येक तुकड्या तिथूनच थेट आघाडीवर गेल्या. स्टालिनने तिथे केलेल्या भाषणाचं ध्वनिमुद्रण मात्र हुकलं. ते नंतर क्रेमलिनमध्ये पुन्हा चित्रित करून वार्तापटात जोडलं.