नवे शू टाकूनही मोपेडचा ब्रेक लागत नाही

प्रश्न : मोपेड जुनी आहे, दोन्ही चाकांना ११० मिमीचे ड्रम. पुढचे ब्रेक शू नवे टाकले, केबलही बदलली, तरी लिव्हर पूर्ण दाबल्यावर गाडी फक्त मंदावते. मेकॅनिक दर वेळी केबल ताणून देतो. खराबी कुठे असेल? – एक वाचक, कराड

उत्तर : केबल आता आणखी ताणू नका. नव्या शूनंतर ब्रेक कमजोर राहिला, तर बहुतेक वेळा लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, ड्रमला सगळीकडे टेकतच नाही. वापरून ड्रम आतून थोडा मोठा झालेला असतो आणि नवा शू फक्त मधोमध घासतो.

हे बघायला शाळेचा खडू पुरतो. लायनरवर खडू फासा, चाक बसवा, हाताने फिरवत ब्रेक हलका लावा आणि पुन्हा उघडा. खडू फक्त मधल्या पट्टीत पुसला गेला आणि दोन्ही टोकं पांढरीच राहिली, तर कारण सापडलं. टोकंच घासली असतील, तर शू दाबाने वाकतो आणि लिव्हर स्पंजसारखी लागते.

दुरुस्तीसाठी ८० नंबरचा पॉलिश पेपर दुहेरी टेपने ड्रमच्या आत चिकटवा. चाक गाडीबाहेर ठेवून ब्रेक प्लेट (शू जिच्यावर बसतात ती) ड्रममध्ये बसवा, कॅमचा आर्म हाताने हलका ओढून धरा आणि प्लेट फिरवा. कॅम म्हणजे फिरून शू फाकवणारा तुकडा, आणि आर्म म्हणजे केबल ज्याला ओढते तो बाहेरचा दांडा. दर आठ-दहा फेऱ्यांनी उघडून बघा. खडू बहुतेक सगळीकडून पुसला जायला लागला की थांबा. फिरण्याच्या दिशेने लायनरचं जे टोक ड्रमला आधी भेटतं, त्याची धार कानशीने ३-४ मिमी तिरकी करा, म्हणजे ब्रेक झटक्याने पकडणार नाही. ही भुकटी हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

आता आर्म. ब्रेक पूर्ण लागलेला असताना आर्म आणि केबल यांच्यात साधारण काटकोन हवा, तेव्हाच जोर पुरा पोचतो. आर्म त्यापुढे गेला की कितीही दाबा, ताकद वाया जाते. झिजलेल्या शूवर आर्म कॅमच्या दांड्यावर एक दात मागे बसवून काम चालवणं तर धोक्याचं आहे: कॅम जास्त फिरून अडकला, तर चाक जाम होतं. कॅम आणि आर्मवरच्या खुणा जुळवूनच बसवा. कॅमच्या दांड्याला उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसट लावा.

चाक बसवताना ॲक्सलचा नट ढिला ठेवा, चाक फिरवून ब्रेक करकचून दाबा आणि तसाच धरून नट घट्ट करा. शू ड्रमच्या मधोमध बसतात. बरेच जण हेच विसरतात, आणि निम्मा फरक इथेच पडतो. लिव्हरच्या टोकाला १०–२० मिमी मोकळी चाल ठेवा. मग रिकाम्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगातून पंधरा-वीस वेळा सावकाश वेग कमी करा, मध्ये ड्रम थंड होऊ द्या.

लायनरला ग्रीस किंवा ऑइल लागलं असेल, तर पेट्रोलने धुऊन उपयोग नाही. तापल्यावर ते पुन्हा वर येतं. शू बदला, आधी हबचं सील बघा. ड्रमच्या आत कोरलेल्या कमाल मापापेक्षा व्यास वाढला असेल, तर ड्रमच बदलावा लागेल.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी पहिला ब्रेक एकदम पकडतो. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : रात्रीत ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो. हळू चालवत चार-पाच वेळा हलका ब्रेक लावला की जातो. तरीही पकडत राहिला, तर शूची स्प्रिंग सैल झाली आहे का आणि कॅम सुकला आहे का, हे बघा.