क्रीमची तपासणी : द्रावक बदलले की पद्धत पर्यावरणस्नेही होते का?

प्रश्न : मी निपाणीची असून बेळगावात औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला शिकते. प्रकल्पासाठी बीटामेथासोन व्हॅलरेट या त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडचे क्रीम एचपीएलसीवर (द्रावकाच्या प्रवाहात मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासायचे आहे. ॲसिटोनायट्राइलऐवजी इथेनॉल वापरले, तर पद्धत पर्यावरणस्नेही म्हणता येईल का? आपल्या भागातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीचे स्पिरिट चालेल का?

उत्तर : दिशा योग्य आहे. ॲसिटोनायट्राइलचे शरीरात सायनाइड तयार होते आणि त्याचे सांडपाणी मोरीत ओतता येत नाही. याउलट इथेनॉल उसाच्या मळीपासून मिळते आणि निसर्गात सहज विघटित होते. परंतु डिस्टिलरीचे स्पिरिट थेट वापरू नये, कारण औषध मोजायला वापरतो ते अतिनील किरण त्यातील अशुद्धीही शोषतात आणि क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखावर, औषधात नसलेले शिखर दिसू लागते. एचपीएलसी दर्जाचेच इथेनॉल घ्यावे; अबकारी परवान्याचे काम महाविद्यालयामार्फत आधीच करून ठेवावे.

इथेनॉल आणि पाण्याचे मिश्रण ॲसिटोनायट्राइलच्या मिश्रणापेक्षा बरेच दाट असल्याने पंपावरील दाब वाढतो. कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) ४० ते ५० अंश सेल्सिअसवर ठेवल्यास हा दाब उतरतो. इथेनॉल साधारण २१० नॅनोमीटरखालील किरण शोषते, पण आपले स्टिरॉइड २४० नॅनोमीटरच्या आसपास मोजले जात असल्याने ही अडचण आपल्याला भासणार नाही.

द्रावक बदलण्याइतकेच त्याचे प्रमाण कमी करणे महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते त्याकडे विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष होते. मिनिटाला १ मिलीलिटर प्रवाह ठेवून आठ तास यंत्र चालवले, तर ४८० मिलीलिटर द्रव खर्च होतो. ४.६ मिलीमीटर व्यासाऐवजी २.१ मिलीमीटरचा कॉलम घेतला, तर तोच वेग राखण्यास सुमारे पाचव्या हिश्शाचा प्रवाह पुरतो. मात्र यंत्राच्या नळ्या व डिटेक्टरचा सेल त्याला साजेसे लहान हवेत.

खरी कसोटी मात्र यंत्राबाहेर, क्रीममधून औषध बाहेर काढताना लागते. एक ग्रॅम क्रीममध्ये औषध जेमतेम एक मिलीग्रॅम असते; बाकी सारे मेण, पॅराफिन, पायसकारी (तेल व पाणी एकत्र धरून ठेवणारी) द्रव्ये आणि पाणी. म्हणून क्रीम इथेनॉलमध्ये ६० अंशांच्या जलकुंडात ढवळून मेण वितळवावे, मग बर्फात थंड करून ते गोठवावे आणि गाळून घ्यावे. येथे घाई नको आणि रेंगाळणेही नको, कारण जास्त वेळ उष्णता मिळाल्यास बीटामेथासोन १७-व्हॅलरेटचे २१-व्हॅलरेटमध्ये रूपांतर होते, म्हणजे व्हॅलरेटचा गट रेणूतील १७ क्रमांकाच्या जागेवरून २१ क्रमांकाच्या जागेवर सरकतो. द्रावणात थोडे ॲसेटिक आम्ल घातल्यास हा धोका कमी होतो. दोन्ही रूपांची शिखरे एकमेकांपासून वेगळी पडतात, हे आपल्या पद्धतीने दाखवलेच पाहिजे.

त्यानंतर औषधविरहित क्रीममध्ये अपेक्षित मात्रेच्या ८०, १०० आणि १२० टक्के औषध मिसळून ते किती परत मिळते, हे पाहावे. परत मिळणारे औषध कमी पडत असेल, तर आधी मेण नीट वितळले होते का, ते तपासावे आणि मगच द्रावक वाढवण्याचा विचार करावा.