लेकीला ऑरगॅनिकमध्येच एमएस्सी करायचंय, पाठवू का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र नीट वाचलं. लेक चिपळूणला टीवायबीएस्सी केमिस्ट्रीला आहे, तिला ऑरगॅनिक (सेंद्रिय) केमिस्ट्रीतच एमएस्सी करायचंय, आणि तुमच्या यजमानांचं म्हणणं की लोट्याच्या एमआयडीसीचा वास येताजाता घेतोय तेवढा बास झाला, पोरीनं जन्म विषात कशाला काढायचा, बीएड कर नाहीतर कॉम्प्युटरचं काहीतरी बघ. लेक म्हणते बाबा जुन्या काळातलं बोलतायत, कॉलेजात लेक्चरला सांगितलंय की आता सगळं मेटल-फ्री आणि सेफ रिएजंटवर, म्हणजे रिॲक्शनला लागणाऱ्या सुरक्षित रसायनांवर चाललंय, धोका राहिलाच नाही. आणि तुम्ही मधे अडकलाय.

आधी उत्तर सांगते, पाठवा. मार्क चांगले आहेत, प्रॅक्टिकलला तासन् तास उभं राहायचा कंटाळा नाही असं तुम्हीच लिहिलंय, अशी मुलं ऑरगॅनिकमध्ये टिकतात. पण "धोका राहिलाच नाही" हे डोक्यातून काढून मग तिनं जायचं. मी समुपदेशनात यायच्या आधी कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटलाच होते म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, तिलाही वाचायला द्या.

मेटल-फ्री म्हणजे काय तर पॅलेडियम, क्रोमियम, ऑस्मियम असले जड धातू न वापरता रिॲक्शन करायची. त्याला कारणं पक्की आहेत. औषधात धातूचा अंश किती चालतो याची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, तोंडानं घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला 100 मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, इंजेक्शन असेल तर 10, त्यामुळे शेवटी तो काढत बसण्यापेक्षा न टाकलेला बरा असा हिशोब असतो. 2021 चं केमिस्ट्रीचं नोबेल लिस्ट आणि मॅकमिलन यांना मिळालं ते साध्या सेंद्रिय रेणूंना कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) म्हणून वापरण्यासाठीच. म्हणजे विषय एकदम जोरात आहे, कॉलेजात सांगितलं ते त्या बाबतीत बरोबरच आहे.

पण धातू नाही म्हणजे धोका नाही असं कुठे आहे? फॉस्जीन या विषारी वायूमध्ये धातूचा कणही नाही, पहिल्या महायुद्धात तो माणसं मारायला वापरला, आणि भोपाळला 1984 मध्ये जो मिथाइल आयसोसायनेट सुटला तो याच फॉस्जीनपासून बनवायचे. 2024 च्या मे महिन्यात डोंबिवलीला स्फोट झाला तो पेरॉक्साइडवर काम करणाऱ्या कारखान्यात. तेव्हा यजमानांची भीती खोटी नाहीये ताई, त्यांना उडवून लावू नका.

आता लेकीच्या हातातलंच एक उदाहरण घेऊ. ॲसिटॅनिलाइडचं ब्रोमिनेशन, म्हणजे त्याच्या रेणूला ब्रोमीन जोडणं, तिनं केलं असेल किंवा यावर्षी करेल. जुन्या पद्धतीत ॲसेटिक ॲसिडमध्ये द्रवरूप ब्रोमीन टाकतात. ब्रोमीन पाण्याच्या तिप्पट जड, 59 अंशाला उकळतो, ड्रॉपरमध्ये घेतला की वाफेच्या दाबानं बल्ब न दाबताच टपकायला लागतो, आणि हातावर पडला की खोल भाजतो, म्हणून तो मारायला शेजारी थायोसल्फेटचं द्रावण ठेवायला लावतात. शिवाय त्यातला अर्धा ब्रोमीन हायड्रोजन ब्रोमाइड होऊन वायाच जातो. याला पर्याय म्हणून पोटॅशियम ब्रोमाइड आणि ऑक्झोन, दोन्ही पांढऱ्या पावडरी, वजन करून घ्यायच्या. ब्रोमीन लागेल तसा फ्लास्कमध्येच थोडा थोडा तयार होतो आणि तिथेच वापरला जातो, द्रावण पिवळं-केशरी होतं, ढवळलं की परत फिकं पडतं, हे बघायला फार छान वाटतं. शेवटी अल्कोहोलमधून क्रिस्टलाइज केलं की पॅरा-ब्रोमोॲसिटॅनिलाइडच्या पांढऱ्या सुया मिळतात, मेल्टिंग पॉइंट 167 च्या आसपास. बऱ्याच कॉलेजांत आता सेरिक अमोनियम नायट्रेट वापरून हे करतात, तेही चांगलंच, पण त्यात सेरियम आहे, म्हणजे ते मेटल-फ्री धरता येत नाही, हे तिनं व्हायव्हाला सांगितलं तर परीक्षक खूश होतील.

पण इथे थांबायचं नाही. तिनं स्वतःला विचारायचं की धोका गेला कुठे? ब्रोमीनची बाटली गेली पण ब्रोमीन गेला नाही, तो फ्लास्कमध्ये आहेच. ऑक्झोन जोरदार ऑक्सिडायझर आहे, तो सेंद्रिय पदार्थांबरोबर कोरडा घोटायचा नसतो, ओतून देण्याआधी उरलेला सल्फाइट टाकून मारावा लागतो. धोका कमी झाला, आटोक्यात आला, आणि राहिलेला जिथे सरकला तिथे लक्ष ठेवायचं. हा एक प्रश्न ज्या पोरांना पडतो ना, तीच पोरं पुढे कंपनीत हवी असतात, आणि तुमच्या लेकीसाठी करिअर म्हणून मला तेच दिसतंय.

फॉस्जीनचंच बघा. तो 8 अंशाला उकळतो, म्हणजे आपल्याकडे गॅसच, आणि वाईट म्हणजे श्वासात गेल्यावर माणसाला काही तास ठीक वाटतं, नंतर फुप्फुसात पाणी भरतं. त्याच्याऐवजी ट्रायफॉस्जीन आला, घन पदार्थ, तराजूवर वजन करता येतं, सिलिंडर नको, प्रमाण अचूक. खूप मोठी सोय. पण एका रेणूतून तीन फॉस्जीन निघतात, तेव्हा हूड (वाफ ओढून घेणारं कपाट) आणि स्क्रबर (गॅस धुऊन काढणारं यंत्र) शिवाय हात लावायचा नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कार्बोनिलडायइमिडॅझोल, सगळे सीडीआय म्हणतात, त्यातून इमिडॅझोल आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, फॉस्जीनसारखा विषारी वायू नाही. मग झालं का? तर लॅबमधल्या फ्लास्कमध्ये तो गॅस बुडबुडे होऊन निघून जातो, पण 2000 लिटरच्या रिॲक्टरमध्ये एकदम सुटला तर दाब वाढतो, म्हणून व्हेंट (गॅस बाहेर जायची वाट) केवढा आणि रसायन किती सावकाश टाकायचं हे कुणीतरी आधी काढावं लागतं.

एक दुःखद उदाहरणही सांगते कारण ते टाळून चालणार नाही. डायझोमिथेन हा रिएजंट स्फोटक म्हणून बदनाम, त्याला पर्याय म्हणून ट्रायमिथाइलसिलिल डायझोमिथेन आला, बाटलीत तयार द्रावण मिळतं, स्फोटाची भीती फारच कमी, सगळे त्याला सेफ म्हणायचे. 2008 मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात एक केमिस्ट याच्याशी काम करताना वाफ श्वासात गेल्यानं दगावला. स्फोटाचा धोका कमी झाला होता पण फुप्फुसाला असलेला विषाचा धोका तसाच होता. पेप्टाइडवाल्यांचंही, म्हणजे अमिनो ॲसिडच्या साखळ्या जोडणाऱ्यांचंही तेच, त्यांचा एचओबीटी हा रिएजंट कोरडा झाला की स्फोटक म्हणून 2009 मध्ये त्याच्या जागी ऑक्झिमा आला, आज जगभर वापरतात, आणि 2019 मध्ये दिसलं की डीआयसी या जोडीच्या रिएजंटबरोबर तो थोडा हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सोडतो. म्हणून ऑक्झिमा टाकून नाही दिला कुणी, हवा खेळती ठेवून आणि पद्धतीत बदल करून लोक काम करतायत. हे शोधून काढणारे सगळे केमिस्टच होते, ही गोष्ट यजमानांना जरूर सांगा.

आता पुढचं. ती टीवायला आहे तर आयआयटी जॅमचा, म्हणजे एमएस्सी प्रवेशाच्या परीक्षेचा केमिस्ट्रीचा पेपर द्यायलाच हवा, परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म त्याच्या बरेच महिने आधी निघतात, वेबसाइटवर लक्ष ठेवा. जॅम नाही जमली तरी काही बिघडत नाही, मुंबई किंवा पुणे विद्यापीठातून ऑरगॅनिकमध्ये एमएस्सी केलेली कितीतरी मुलं तुर्भे, अंबरनाथ, तारापूर, हैदराबादला चांगल्या जागी आहेत. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ (परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पीएचडीला महिना 37,000 स्टायपेंड आहे, पुण्याला एनसीएल आणि आयसर, मुंबईला आयसीटी अशा संशोधन संस्था आहेत, म्हणजे फार लांब जायलाच पाहिजे असंही नाही. पण पीएचडी करायचीच असं आत्ताच ठरवू नका, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टनंतर तिचं तिलाच कळेल.

नोकरीत मी तिला दोन ठिकाणं बघायला सांगेन. एक प्रोसेस आर अँड डी, जिथे लॅबची पद्धत प्लांटला न्यायची असते आणि रिएजंट बदलायचा निर्णय खरं म्हणजे तिथेच होतो, कारण एकदा औषधाचं फायलिंग झालं, म्हणजे मंजुरीसाठी कागदपत्रं गेली की मग बदल करणं महाग आणि वेळखाऊ. दुसरं प्रोसेस सेफ्टी लॅब, तिथे रिॲक्शन कॅलोरीमीटरवर किती उष्णता निघते ते मोजतात. भांडं मोठं झालं की उष्णता आकारमानाच्या हिशोबानं वाढते आणि थंड करायला पृष्ठभाग त्या मानानं कमी पडतो, हा सगळा खेळ तिथे कळतो. ऑरगॅनिक नीट येणारी आणि आकडेमोडीला न घाबरणारी माणसं या कामाला शोधावी लागतात, आणि कॉलेजात हे क्षेत्र आहे असंच कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मुलाखतीला जाईल तेव्हा तिनंही विचारायचं, लाजायचं नाही. हूडचा एअरफ्लो शेवटचा कधी तपासला, नवीन रिएजंटची सेफ्टी डेटा शीट कोण वाचतं आणि कुठे ठेवतात, रात्रपाळीला लॅबमध्ये एकटं थांबवतात का. उत्तर देताना समोरचा चिडला तर तिथे जाऊ नको म्हणून सांगा, पगार चार पैसे जास्त असला तरी.

आणि यजमानांना एक सुचवते. बीएडचा पर्याय बंद होत नाही, तो एमएस्सीनंतरही आहेच, तेव्हा आत्ता घाईनं तिकडे वळवायची गरज नाही. त्यांनी एकदा लेकीबरोबर कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन यावं, एचओडींना आधी फोन करून. ब्रोमीनची बाटली कुठे ठेवतात, एक्झॉस्ट चालू आहे का, हे त्यांनी स्वतः बघावं, आणि एक्झॉस्ट बंद असेल तर तिथल्या तिथे तक्रार करावी, ती बाकीच्या पोरांच्याही उपयोगाची आहे. लेकीला टीवायच्या प्रोजेक्टला ब्रोमिनेशनच्या दोन्ही पद्धतींची तुलना घ्यायला सांगा, यील्ड (किती माल मिळाला), खर्च, कचरा आणि धोका असे चार रकाने करून, आणि सरांनी होकार दिला की मला मेल करू दे, प्रोजेक्टचा आराखडा मी बघून देईन.